ऑर्डर येईपर्यंत लग्न नको

साईनाथ मढवींना विचारल्याशिवाय पोलीस लाइनीत एकेकाळी कोणी कागद हलवत नसे. रजेचा अर्ज असो, बदलीची विनंती असो, नाहीतर क्वार्टर गळतंय म्हणून तक्रार असो, आधी मढवींच्या टेबलाशी जायचं. ठाण्याच्या पोलीस दलात त्यांची बत्तीस वर्षं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त रायटर म्हणून. रायटर म्हणजे चौकीतला लिहिणारा पोलीस. साहेब येतात, साहेब जातात, रायटर बसल्या जागी बसलेला असतो, आणि बसून बसून त्याला वाटायला लागतं की सगळे कायदेकानून आपल्या पोटातूनच बाहेर पडले. मढवींनाही तसं वाटायचं. माणूस वाईट नव्हता हो. उलट कुणाच्याही मदतीला धावणारा. पण आपलं चुकू शकतं हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं, आणि इथेच सगळा घोळ झाला.

सुदेश घाडी हा त्यांच्या बॅचचा. ट्रेनिंगला दोघांच्या खाटा शेजारी होत्या, तेव्हापासूनची दोस्ती. सुदेश मालवणकडचा, मढवी कळव्याचे आगरी, म्हणजे माशाच्या कालवणावरून रोज वाद आणि रोज एकाच डब्यात जेवण. हा सुदेश गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तात, तलावपाळीला उभ्या उभ्या छातीत कळ येऊन गेला. मागे बायको विनिता आणि एकुलती एक मुलगी देवयानी. पोरगी नुकतीच बी.कॉम. झालेली. खोपटच्या एसटी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक असलेल्या महेंद्रशी तिचं लग्न जवळजवळ ठरलेलं, फक्त सुपारी फुटायची राहिलेली.

पोलिसांत एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. तेराव्याला पानं मांडायच्या आधी बॅचची चार माणसं आतल्या खोलीत बसतात आणि नाव कोणाचं टाकायचं ते ठरवतात. नोकरीत असताना माणूस गेला की घरातल्या एकाला अनुकंपावर नोकरी मिळते, तिच्यासाठी नाव. वर्षश्राद्धाचं काय ते नंतर बघता येतं, पण नाव तेराव्यालाच ठरतं. विनितावहिनींचं वय बसत नव्हतं, त्यामुळे देवयानीचंच नाव टाकायचं यात वाद नव्हता.

"पण एक सांगतो वहिनी," मढवी म्हणाले. "ऑर्डर येईपर्यंत लग्न नको. लग्न झालं की पोरगी सासरची. नाव कटतं."

"किती दिवस लागतील भावोजी?" विनिताने पदराआडून विचारलं.

"वर्ष. फार तर दीड. मी आहे ना."

त्यांनी हे हवेत सांगितलं नव्हतं. पूर्वी एका हवालदाराची लग्न झालेली मुलगी कडेवर पोर घेऊन त्यांच्या टेबलाशी आलेली, आणि अर्जदार विवाहित असल्याने अर्ज परत, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून तिला माघारी पाठवलेलं. ती बिचारी रडत गेलेली. हाही किस्सा त्यांनी तेराव्याला सगळ्यांना ऐकवला. मग कोण कशाला ऑफिसात जाऊन विचारतंय? साईनाथ मढवी समोर बसलेले असताना ऑफिसला विचारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांचा अपमान.

दीड वर्ष झालं, दोन झाली. यादी काही हलेना. क्वार्टर सोडावं लागलं आणि मायलेकी डोंबिवली पूर्वेला भाड्याच्या वन रूम किचनमध्ये आल्या. देवयानी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरला लागली. मढवी या काळात निवृत्त झाले, पण दर महिन्याला न चुकता आयुक्तालयात जाऊन देवयानीचा नंबर कुठपर्यंत आला ते विचारून यायचे. आपल्या पोरीसाठी कुणी एवढं करत नाही, असं विनिता शेजारणींना सांगायची.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी महेंद्र आईवडलांना घेऊन डोंबिवलीला आला. मढवींनाही बोलावलेलं. महेंद्रच्या आईचं म्हणणं साधं होतं, मुलगा तिशीला आला, आता तारीख द्या. मढवींनी पुन्हा तोच पाढा वाचला. तेव्हा महेंद्र चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "काका, राग मानू नका, पण एकदा ऑफिसात नीट विचारून बघूया का? आजकाल नियम बदलतात."

"म्हणजे बत्तीस वर्षं मी तिथं झक मारली काय रे?" मढवी म्हणाले. "तुझ्या एसटीतले नियम तू सांग. पोलिसातले मला सांगू नको."

महेंद्रने देवयानीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "काका सांगतात ते बरोबरच असेल ना." विषय तिथे संपला.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी मढवी नेहमीप्रमाणे आयुक्तालयात गेले. आस्थापना शाखेत ऋतुराज नावाचा नवा क्लार्क आलेला. त्याने यादी बघून नंबर सांगितला आणि वर सहज म्हणाला, "काका, मागच्या महिन्यात तुम्ही म्हणत होतात की मुलीचं लग्न अडलंय. अडायचं काही कारण नाही हो. लग्न झालेल्या मुलीलाही मिळतं आता. कधीपासूनच मिळतं. फक्त नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, बाकी काही नाही."

"तू किती वर्षं आहेस इथे?" मढवींनी विचारलं.

"आठ महिने."

"मग आठ महिन्यांचंच बोल," असं म्हणून ते बाहेर पडले.

बाहेर पडले खरे, पण डोक्यातून ते जाईना. पोरगं खोटं कशाला बोलेल? टपरीवर चहा घेतला, तो गोड की अगोड तेही कळलं नाही. एक मन म्हणत होतं, आत्ता उठ आणि डोंबिवली गाठ. दुसरं मन म्हणत होतं, गाठून सांगणार काय? पंधरा दिवसांपूर्वी सगळ्यांदेखत त्या पोराला झाडलं, आता तोंड वर करून सांगणार की तूच बरोबर होतास? आणि समजा या ऋतुराजलाच अर्धवट माहिती असली, पोरीने लग्न केलं आणि नाव कटलं तर? ही समजूत त्यांना फार बरी वाटली. आपण थांबतोय ते देवयानीच्याच भल्यासाठी, असं स्वतःला बजावत ते खाडीपूल ओलांडून घरी आले.

घरी बायकोला, गंगुबाईला, त्यांनी जेवताना सगळं सांगितलं. तिच्यापासून ते काही लपवत नसत. ती म्हणाली, "मंग पोरीला सांग ना. तू नाय सांगत तर मी सांगतंय."

"खात्री झाल्यावर सांगू," मढवी म्हणाले. आणि खात्री करायला ते गेलेच नाहीत. नंबर विचारायलाही दोन-तीन महिने फिरकले नाहीत.

तेवढ्यात महेंद्रचं लग्न दुसरीकडे ठरलं. कळलं ते विनिताच्या फोनवरून. "नशीब एकेकाचं भावोजी," ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार." मढवींनी फोन ठेवला आणि ती अख्खी संध्याकाळ बाल्कनीत बसून काढली. गंगुबाई त्यांच्याशी दोन दिवस धड बोलली नाही. खोपटवरून जायची वेळ आली की ते तेव्हापासून रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्याने घ्यायला सांगू लागले.

माणसाने इथे तरी शहाणं व्हावं की नाही? पण नाही. पुढच्या वर्षी यादीतल्या काही जणांच्या ऑर्डर निघाल्या आणि त्यात देवयानीच्या अगदी वरचं नाव होतं प्रियांकाचं. कल्याणची पोरगी, वारलेल्या पोलीस नाईक सखारामची मुलगी. लग्न झालेली, एक मूल असलेली. मढवींना हे कळलं तेव्हा त्यांच्या अंगात जणू वारं भरलं. ते थेट डोंबिवलीला गेले.

"हे चालणार नाही," त्यांनी मायलेकींना सांगितलं. "लग्न झालेल्या मुलीला दिलीच कशी? आपण मॅटमध्ये जायचं. तिचं नाव गळलं की नंबर तुझा."

मॅट म्हणजे सरकारी नोकरांचं न्यायाधिकरण, मुंबईला. देवयानी जरा चाचरली. म्हणाली, "काका, तिला मिळाली तर मिळू दे ना. तिचेही वडील गेलेत."

"तू चार वर्षं थांबलीस ती कशासाठी मग?" मढवी म्हणाले. तिने सही केली.

आता खरं काय ते सांगायला हवं. ती केस देवयानीसाठी नव्हती. म्हणजे कागदावर तिचं नाव होतं, पण मढवींना न्यायाधिकरणाकडून एकच गोष्ट ऐकायची होती, की नियम तुम्ही म्हणता तोच आहे. एवढं कुणी मोठ्या माणसाने म्हटलं की ऋतुराज खोटा, महेंद्र खोटा, आणि बाल्कनीतली ती संध्याकाळही खोटी. एका पोराबाळांच्या बाईची नोकरी घालवून त्यांना आपली झोप परत मिळवायची होती. हे त्यांना तेव्हा कळत होतं की नाही, कोण जाणे. थोडंफार कळत असणार.

वकीलबाई मेघना यांच्या ऑफिसात ते एकटेच जायचे. देवयानीला लॅबमधून सुट्टी मिळत नसे. मेघनाबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "साहेब, विवाहित मुलीला आता चालतं बरं का. त्या मुद्द्यावर आपण टिकणार नाही. पण ती खरोखर वडिलांवर अवलंबून होती का, हा प्रश्न उचलता येईल. देवयानीला हे समजावून सांगा, मग ठरवा."

"सांगतो," मढवी म्हणाले. एकाच गोष्टीबद्दल दुसऱ्यांदा त्यांना सांगितलं गेलं होतं. घरी येऊन त्यांनी देवयानीला फोन केला आणि सांगितलं, "वकीलबाई म्हणतात, केस मजबूत आहे."

स्थगिती मिळाली. प्रियांकाची ऑर्डर जिथल्या तिथे थांबली. वर्षभर तारखा पडत राहिल्या आणि त्या वर्षभरात मढवींनी प्रियांकाचा चेहराही पाहिला नाही, कारण ती येतच नसे.

शेवटच्या तारखेला मात्र ती आली. देवयानीनेही सुट्टी काढलेली. सगळं अर्ध्या तासात आटोपलं. समोरच्या वकिलाने नियम वाचून दाखवला, तो नियम कधीपासून लागू आहे तेही सांगितलं. सुदेश गेला त्याच्याही आधीपासून तो लागू होता. मेघनाबाईंनी अवलंबून असण्याचा मुद्दा मांडून पाहिला, पण प्रियांकाची आई आजारी होती आणि वडील गेल्यापासून तिचा सगळा भार लेकीवरच होता, तोही मुद्दा गळला. अर्ज फेटाळला.

देवयानी बाकावर तशीच बसून राहिली. मढवींनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. "तोंड सुकलंय तुझं, पाणी आणतो," असं म्हणून ते खाली उतरले आणि मुद्दाम लांबच्या दुकानात गेले.

परत आले तेव्हा पॅसेजमध्ये प्रियांका आणि देवयानी समोरासमोर उभ्या होत्या. देवयानी तिला सॉरी म्हणत होती.

"ताई, मी घोडबंदर रोडच्या कंपनीतला जॉब सोडलेला ऑर्डर आली म्हणून," प्रियांका म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मग स्टे आला. परत त्यांनी घेतलं नाही. नवऱ्याच्या ओव्हरटाइमवर वर्ष काढलंय आम्ही." मग तिने विचारलं, "तुम्ही ऑर्डरसाठी लग्न थांबवलंत असं तुमच्या वकील म्हणत होत्या. खरं का? मलाही सगळे थांब म्हणत होते. मी सरळ ऑफिसात जाऊन विचारून आले. तुम्ही नाही विचारलंत?"

"नाही," देवयानी म्हणाली. "आमचे काका आहेत ना."

मढवी बाटली घेऊन तिथेच उभे होते. प्रियांकाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली. देवयानीने बाटली घेतली, दोन घोट प्यायली आणि म्हणाली, "चला काका, उशीर होईल."

निवृत्तीपासून मढवी कळव्यात लोकांना अर्ज लिहून द्यायचे, त्या दिवसानंतर तेही बंद झालं. कुणी आलं तर, "ऑफिसात विचारा, मला आता काही आठवत नाही," असं सांगून परत पाठवायचे. लोकांना वाटलं वय झालं. गंगुबाई तेवढी ओळखून होती, पण हे नवऱ्यानेच पोरीला सांगायला हवं असं तिचं म्हणणं होतं. ती दर चार दिवसांनी विचारायची, "सांगितलंस का पोरीला?" आणि मढवी म्हणायचे, "सांगतो." डोंबिवलीला जायचे, विनिताच्या हातचा सोलकढी-भात जेवायचे, देवयानी वाढायची, आणि नेहमीचं काहीबाही बोलून परत यायचे. चुकलं एवढं ते कबूल करून बसले होते. माझी माहिती जुनी होती, असं त्यांनी मायलेकींना सांगितलं होतं आणि दोघींनी ते मोठ्या मनाने घेतलंही होतं. पण माहिती जुनी असणं वेगळं आणि कळूनही गप्प राहणं वेगळं. हा दुसरा भाग ओठांवर येत नव्हता. एकदा गोखले रोडला महेंद्र अचानक समोर आला, खांद्यावर छोटी मुलगी बसलेली. "काका, बरे आहात ना?" म्हणून त्याने वाकून नमस्कार केला. मढवींना वाटलं, यापेक्षा याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी देवयानीची ऑर्डर निघाली. कनिष्ठ लिपिक, ठाणे. तोवर ती तिशीच्या उंबरठ्यावर आली होती. विनिताने पेढे घेऊन कळवा गाठलं आणि आग्रह धरला, "हजर व्हायला जाताना हिच्याबरोबर तुम्हीच हवेत भावोजी. सुदेशच्या जागी तुम्हीच."

सकाळी आयुक्तालयाच्या फाटकापाशी दोघे भेटले. देवयानीने इस्त्रीची निळी साडी नेसलेली, खांद्याला पर्स, हातात कागदांची फाइल. सुदेशसारखीच मान ताठ. मढवींना ते पाहवेना. आता नाही तर कधीच नाही, असं त्यांना वाटलं.

"देवयानी, आत जायच्या आधी एक ऐक," ते म्हणाले. "मला माहीत होतं. महेंद्र येऊन गेला ना त्या रविवारी, त्याच महिन्यात मला ऑफिसातल्या पोराने सांगितलेलं की लग्न झालं तरी चालतं. मी तुला सांगितलं नाही. मला लाज वाटली. मग वकीलबाईंनी सांगितलं, तेही मी लपवलं. तुझं लग्न मी मोडलं पोरी, नियमाने नाही मोडलं."

एवढं बोलून त्यांचे डोळे भरून आले. रस्त्यावरून माणसं जात होती, मढवींना कशाचं भान नव्हतं.

देवयानी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मला माहीत आहे काका."

"काय?"

"तुम्ही पाणी आणायला गेलेलात त्या दिवशी. मेघना मॅडम म्हणाल्या, मी तुमच्या काकांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मग मी आयुक्तालयात यादी बघणाऱ्या ऋतुराज सरांनाही फोन करून विचारलं. तेही म्हणाले, काकांना मी कधीच सांगितलेलं."

म्हणजे ही वर्षभर जेवायला वाढत होती, वरून भात घ्या म्हणत होती, ते सगळं माहीत असून.

"मग बोलली का नाहीस गं मला?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलेले," देवयानी म्हणाली. "तुमच्या सांगण्यावरून थांबायची सवयच झालीय ना मला."

तिने हे टोमणा मारल्यासारखं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. मढवींनी सवयीने तिच्या हातातली फाइल घ्यायला हात पुढे केला. आत कुठल्या टेबलावर काय दाखवायचं, कोणाची सही आधी, हे सगळं त्यांना पाठ होतं. देवयानीने फाइल छातीशी धरली.

"तुम्ही घरी जा काका. काकी वाट बघत असेल," ती म्हणाली. "इथून पुढचं माझं मी विचारीन."

ती फाटकातून आत गेली. पहाऱ्यावरच्या शिपायाशी थांबून तिने काहीतरी विचारलं, त्याने हात करून जिना दाखवला. जिना दुसऱ्या बाजूचा जवळ होता, मढवींना माहीत होता. पण ते काही बोलले नाहीत.